मदत हवी आहे: कोर्टाच्या इमारतीला न्या. रानड्यांचं नाव देण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा?

नमस्कार मंडळी. न्या. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म आमच्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२. पुढे १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. निफाडच्या कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव द्यावं, असा अर्ज आम्ही काही जण करणार आहोत. पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना. जिल्हा न्यायाधीश, हायकोर्टाचं रजिस्ट्रार कार्यालय, विधी व न्याय विभाग की बांधकाम खातं? जिथे विचारलं तिथे पुढचं टेबल दाखवलं! नगरपंचायतीचा ठराव, वकील संघाचं पत्र आधी जोडावं का?

अमेरिकेत फेडरल कोर्टाच्या इमारतीला नाव द्यायला संसद कायदाच करते. न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरमधल्या कोर्टाला २००१ च्या कायद्याने थर्गूड मार्शल यांचं नाव मिळालं. त्याच इमारतीत ते अपील न्यायाधीश म्हणून बसले होते. आपल्याकडची रीत मात्र नेमकी सापडत नाही.

एकजण म्हणाले, पुतळाच बसवा, सोपं पडेल. मला ते पटत नाही. निकालाच्या कागदावर, समन्सवर रोज नाव यावं, यात जास्त मोल आहे.

कोणी असा प्रस्ताव मंजूर करून घेतला असेल तर अर्जाचा मसुदा पाठवाल का? वकील मंडळींनी जरूर सांगावं.