हातावर बारूद सापडली नाही, मग आरोपी सुटला का?

प्रश्न (एलएलबी, दुसरं वर्ष): गोळीबारानंतर दुसऱ्या दिवशी आरोपीचे हात तपासले, अहवाल निरंक. झालं, सुटला?

उत्तर: छे! मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हे नमुने रोज बघते. गोळी झाडताना हातावर बसलेले कण ४ ते ६ तासांत बहुतेक झडतात. हात धुतले तर बघायलाच नको. हातावर दाबून कण उचलायच्या चिकट बटणावर (स्टबवर) जे येईल त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं: काही मायक्रॉनचा, वितळून गोठलेला गोळा, आणि त्या एकाच कणात शिसं, बेरियम, अँटिमनी तिन्ही. डोळे फुटतात.

दुसरा: म्हणजे कण सापडला की शिक्षा पक्की!

उत्तर: दादा, दमानं. लंडनमध्ये टीव्ही निवेदिका जिल डँडो हिच्या खुनात आरोपी बॅरी जॉर्जच्या कोटाच्या खिशात एकच कण मिळाला. त्याला २००१ मध्ये जन्मठेप, २००८ मध्ये निर्दोष सुटका. पोलिसांच्या गाडीतूनही कण लागू शकतो.

प्रश्नकर्ती: शिसं नसलेली काडतुसं असतील तर?

उत्तर: काहींत टायटॅनियम आणि जस्त शोधावं लागतं. म्हणून काय शोधायचं ते कळायला जप्त काडतूस आधी मागवा.