ओबामांनी केलं काय?

अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून ओबामांनी पहिल्या तीन वर्षांत (२००९ ते २०११) काहीच केलं नाही, हे मला अजिबात मान्य नाही. माझा भाचा २४ वर्षांचा, अजून पक्की नोकरी नाही. पण ओबामांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यामुळे २६ पूर्ण होईपर्यंत तो वडिलांच्या आरोग्यविम्यात राहू शकतो. ताईचा केवढा घोर मिटलाय! जनरल मोटर्स, क्रायस्लर या मोटार कंपन्या बुडायला निघाल्या होत्या, त्या सावरल्या. इराकमधून सैन्य परत आलं.

आणि २०१२ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर कोण होतं? रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या आयोवा राज्यातल्या मतदानात आधी मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकले म्हणाले, मग रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. रॉम्नींनी २००६ मध्ये राज्यपाल असताना मॅसॅच्युसेट्स राज्याला जवळपास असाच विमा कायदा दिला, आणि २०१२ मध्ये ओबामांचा रद्द करू म्हणत होते. राज्याला चालतं ते देशाला का नाही, याचं मला पटेल असं उत्तर त्यांनी तेव्हा दिलं नाही.