तोंडात बसलेली शिवी पूर्णपणे सोडणे आवश्यक आहे का?

प्रश्न
गेल्या आठवड्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, तेव्हा तिच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली ती शब्द, हेल आणि शेवटचा उसासा यांसकट माझीच होती. मी कोणाला शिव्या घालत नाही. पण हातातून काही निसटले, काम अडले, की वाक्याआधी शिवी येते आणि हल्ली ती आल्याचे मला कळतही नाही. शिवीने मन मोकळे होते असे म्हणतात. ते खरे असेल, तर काय करावे?

प्रतिसाद १
ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शिवी उच्चारणाऱ्यांना बर्फगार पाण्यात हात अधिक वेळ ठेवता आला, म्हणजे वेदना अधिक सोसता आली. मात्र २०११ च्या त्यांच्याच पुढील अभ्यासात असे दिसले की, रोज जितक्या अधिक शिव्या दिल्या जातात तितका हा लाभ घटतो. म्हणजे तुम्ही जपू पाहता ती गोष्ट तुमच्या सवयीनेच झिजत आहे. शिवी नकळत येते याचेही नवल नाही. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांना साधे वाक्य जुळवता येत नाही, तरी शिवी मात्र स्पष्ट उच्चारता येते. म्हणजे शिवी विचार करून जुळवावी लागत नाही, ती आपोआप येते; त्यामुळे नुसत्या निश्चयावर विसंबू नका. शिवी आली की घरच्यांना लगेच लक्षात आणून द्यायला सांगा.

प्रतिसाद २
माझे एक वरिष्ठ दर वाक्याला शिवी देत. एकदा यंत्रात सहकाऱ्याची बाही अडकली, तेव्हा ते शिवी देऊनच ओरडले आणि आमच्यापैकी एकानेही मान वर केली नाही. बाही फाटली, हात वाचला. पण तो क्षण मी विसरलेलो नाही.
आणखी एक. ‘आयला’ आणि ‘च्यायला’ हे आपण निरुपद्रवी मानतो, पण त्यांत कोणाची तरी आई आहेच. आपल्या बहुतेक शिव्या भांडणात नसलेल्या बाईवरच जाऊन पडतात, हे मला फार खटकते. मुलीला रागावू नका. तिच्यासमोर ‘माझे चुकले’ एवढे म्हणा.

मूळ प्रश्नकर्ता
काल मुलीला तसे सांगितले. आता ती माझ्या शिव्या मोजते; आज दुपारपर्यंत नऊ झाल्या आहेत.