नागपूर: पश्चिमेच्या कुंपणाला कण्हेरीच्या जोडीला काय लावू?

बेसा_प्लॉट
पश्चिमेला चार फुटी भिंत, लांबी ४० फूट, माती काळी चिकण. ७-८ फुटांचा आडोसा हवा आहे. कण्हेर ठरली आहे, पण एकाच झाडाची रांग नको. मधुकामिनी, जास्वंद, एक्झोरा मनात आहेत. वाळवंटी बागांच्या यादीत ल्युकोफायलमही दिसलं. ड्रिप टाकणार आहे. घरी कुत्रा आहे.

काळीमाती
आधी कुत्र्याचं बघा. पानं चघळायची सवय असेल तर कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही बाद. दोन्हींचं विष थेट हृदयावर जातं. तसं असेल तर मुख्य झाड टेकोमा (पिवळ्या घंटाफुलांचं झुडूप) धरा.

ल्युकोफायलम टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीतलं झुडूप. आपल्याकडचा मे ते हसत काढेल, पण जुलै-ऑगस्टात काळ्या मातीत मुळं कुजतील. आपलं वाळवंट चार महिन्यांचं, पुढचे चार महिने चिखल. दोन्ही सोसणारंच झाड घ्या.

एक्झोरा विसरा. चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. हिराकस (लोहाचं खत) मातीत टाकून उपयोग नाही, तिथेच अडकून बसतं. ईडीडीएचए चिलेट (मातीत न अडकणारं लोह) चालतं, पण कुंपणाला दरवर्षी कोण घालत बसणार?

संत्र्याची_फांदी
मधुकामिनी संत्र्या-लिंबाच्याच कुळातली. सायला कीड तिच्यावर वाढते आणि तीच ग्रीनिंग रोग पसरवते. जवळ लिंबूवर्गीय झाड असेल तर नको.

जास्वंद मात्र मी सरसकट नाकारणार नाही. साधी लाल, एकेरी पाकळीची गावठी जात नवतपाही (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काढते.

काळीमाती
काढते, पण पाण्यावर. आणि तोच मुद्दा आहे: जोडी फुलांच्या रंगावरून लावू नका, तहानेवरून लावा. ड्रिपच्या एकाच नळीवर जास्वंद आणि कण्हेर असली की पाणी कोणाच्या हिशेबाने सोडायचं? जास्वंदीच्या हिशेबाने सोडलं तर कण्हेर नुसती पाल्याला जाते, कमी केलं तर जास्वंद कळ्या गाळते. वर पिठ्या ढेकूण ही कीड वेगळी. हवीच असेल तर नळाजवळ स्वतंत्र लावा.

बेसा_प्लॉट
कुत्रा म्हातारा आहे, झाडांकडे फिरकत नाही. पट्टा साडेचार फूटच रुंद आहे. दोन रांगा बसतील?

काळीमाती
नाही, एकच रांग. भिंतीपासून अडीच फूट सोडा, नाहीतर मागून छाटायला हात जाणार नाही आणि तापलेली भिंत पानं भाजते. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडून ४ फुटांवर एक, म्हणजे १० रोपं: ६ कण्हेर, ४ टेकोमा. आलटून-पालटून नको, दोन-तीनचे गट करा. टेकोमा भराभर वाढतं, एकट्या कण्हेरीला दाबून टाकतं. पुढच्या बाजूला रोपांच्या मधल्या फटींत जांभळी कोरांटी, ती थंडीत फुलते. कण्हेर उन्हाळा-पावसाळा सांभाळते. फेब्रुवारी ते मे आणखी रंग हवा असेल तर फाटकाशी एक बोगनवेल, ड्रिपशिवाय.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत. सुटे खड्डे खणून भुसभुशीत मिश्रण भरलं की चिकण मातीत ते हौद होतात, पाणी साचून रोप मरतं. सलग वरंबा करा: ९ ते १२ इंच उंच, तीन भाग तीच माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग मुरूम.

संत्र्याची_फांदी
ड्रिपचं: प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर, खोडापासून फूटभर लांब. दुसऱ्या वर्षापासून मेमध्ये दर चौथ्या दिवशी अडीच तास, म्हणजे झाडाला २० लिटर. रोज थोडं-थोडं दिलं तर मुळं वरच राहतात आणि जमीन भेगाळली की तुटतात. म्हणून तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, पण खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

बेसा_प्लॉट
छाटणी कधी?

काळीमाती
रोप दोन फुटांचं झालं की शेंडा दीड फुटावर तोडा, नाहीतर खाली नुसत्या काड्या आणि आडोसा डोक्यावर. मोठी छाटणी पहिल्या पावसानंतर. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका, आतल्या कोवळ्या फांद्या उन्हाने भाजतात. बुंधा रुंद, माथा अरुंद ठेवा. भिंतीसारखं सपाट कापत राहिलात तर फुलं विसरा, कण्हेर आणि टेकोमा दोन्ही नव्या फुटीच्या टोकाशी फुलतात. टेकोमाच्या शेंगा वाळायच्या आत काढा, नाहीतर बी उडून शेजाऱ्यांकडेही उगवतं.

संत्र्याची_फांदी
कण्हेरीची छाटण जाळू नका, धूरही विषारी. हातमोजे घाला.