बारा लाखांची सूट आणि गृह आधारचे दीड हजार : फोंड्यातल्या एका सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-204: परत तेच. गोवा सरकार गृहिणींना गृह आधार योजनेचे पैसे वाटणार आणि टॅक्स आम्ही भरणार, पगारदार माणूस तेवढा सगळ्यांना सापडतो

ए-103: अगदी बरोबर. वर आणि 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य पण त्याच्या पुढे एक रुपया गेला की 60 हजार भरा, हा कुठला न्याय??

सी-302: काका, एक रुपयावर 60 हजार जात नाहीत हो, मार्जिनल रिलीफ असतो. टॅक्सेबल 12 लाख 10 हजार झालं तर स्लॅबप्रमाणे 61,500 होतात पण भरायचे फक्त वरचे 10 हजार आणि त्यावर 4 टक्के सेस. ऑफिसात सगळ्यांचा टीडीएस मीच बघते म्हणून सांगते. पण 13 लाख झाले की तो रिलीफ संपलेला असतो आणि 75 हजार अधिक सेस लागतो, म्हंजे वाढलेल्या एका लाखातले पाऊण लाख गेलेच, तिथे तुमची तक्रार खरी आहे.

ए-103: हां तेच म्हणतोय मी

सी-302: पण बी-204 वाल्या काकांचं मला पटलं नाही आणि मी गप्प बसणार नाही. गृह आधार म्हंजे महिन्याला दीड हजार, वर्षाचे 18 हजार, तेही घरचं उत्पन्न वर्षाला 3 लाखांच्या आत असेल तर. आपल्याला टॅक्समध्ये सूट म्हणजे रिबेट मिळते (1961 च्या कायद्यातलं 87ए कलम) ती 60 हजारांपर्यंत. गृह आधारवाल्या बाईच्या खात्यात पैसे जमा होतात ते सगळ्यांना दिसतात, आपले कापलेच जात नाहीत म्हणून कोणाला दिसत नाहीत, पण सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही एकच ना? आमच्याकडे कामाला येते ती बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत गेली, रांगेत दुपार झाली, झेरॉक्स कमी पडली म्हणून परत पाठवली, चार घरची कामं बुडाली त्या दिवशी. आपण रिटर्न फोनवर भरतो घरी बसून. आणि ती टॅक्स भरत नाही असं कृपा करून म्हणू नका, मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी ती पण देते, तुम्ही देता तेवढाच, खाद्यतेलावर 5 टक्के देते, आणि तिच्या रिचार्जवर कसली सूट नाही.

बी-204: बाय, मी तिच्या विरोधात नाही. पण मिडल क्लासला पहिल्यांदा काहीतरी मिळालं तर त्यातही खोट काढायची का

सी-302: मिळालं ते चांगलंच झालं काका, मला पण मिळालंय. ही सूट 2013 ला सुरू झाली तेव्हा 5 लाखांपर्यंतच्या माणसाला 2 हजार होती, लहान टॅक्सवाल्यासाठीच होती. 2019 ला 12,500 झाली, 2023 ला नवीन रिजीममध्ये, म्हंजे टॅक्सच्या नवीन पद्धतीत, 7 लाखांपर्यंत 25 हजार, आणि 2025 च्या बजेटात 12 लाखांपर्यंत 60 हजार. आता त्या बजेटात कोणाला किती मिळालं बघा. 7 लाखवाल्याचा टॅक्स आधीच शून्य होता, त्याला नवीन काहीच नाही. 12 लाखवाल्याचे सेस सोडून 80 हजार वाचले. 24 लाख आणि त्याच्या वरच्यांचे 1 लाख 10 हजार, म्हंजे 50 लाखवाल्याचे पण तेवढेच, कारण रिबेट नसली तरी स्लॅब सगळ्यांचेच बदलले.

डी-401: पण जो जास्त भरतो त्याचे जास्त वाचणारच ना. 50 लाखवाला आधी किती भरतो ते पण बघा

सी-302: मान्य. टक्क्यात बघितलं तर 12 लाखवाल्याचा फायदा मोठा आहे, त्याचा सगळा टॅक्सच गेला. पण मला खरं टोचतं ते वेगळंच. टॅक्स माणसागणिक लागतो, घरागणिक नाही. नवरा बायको दोघांचे पगार पावणेतेरा पावणेतेरा लाख, घरात साडेपंचवीस लाख, प्रत्येकाच्या पगारातून 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन 12-12 लाख उरतात, टॅक्स शून्य. शेजारच्या घरात एकटाच कमावता, 15 लाख, बायको सासूचं आजारपण बघते, तो भरतो सेस धरून 97,500. आता सांगा कोणाला गरज जास्त

ए-103: हे कधी डोक्यातच आलं नाही

सी-302: आणि आपल्या गोव्यात तर अजून एक. पोर्तुगीज सिव्हिल कोड 1867 चा, त्यात नवरा बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून इन्कम टॅक्समध्ये त्यासाठी वेगळं कलम आहे (1961 च्या कायद्यातलं 5ए). पगार सोडून बाकीचं उत्पन्न, भाडं, धंदा, व्याज, दोघांच्या नावावर अर्धं अर्धं लागतं. दुकानांच्या भाड्याचं 30 टक्के वजा जाऊन 24 लाख उरले तर 12 तुझे 12 माझे, दोघांना वेगळी रिबेट, टॅक्स काहीच नाही. पगारातून तेच 24 लाख टॅक्सेबल असतील तर सेस धरून 3 लाख 12 हजार. सावंतवाडीला, जिथे हा कोड लागू नाही, एकट्याच्या नावावर तीच दुकानं असती तर त्यालाही 3 लाख 12 हजार.

डी-401: आम्ही पण 5ए मध्येच भरतो, कायदाच तसा आहे, त्यात चुकीचं काय केलं आम्ही

सी-302: वहिनी तुम्ही काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही आणि ते कलम मला काढायचं पण नाही, बायकोचा अर्धा हक्क कागदावर मोजणारा कायदा आहे तो, मला त्याचा अभिमान आहे. फक्त मग पगार बाहेर का? माझ्या पगारात घरातल्या माणसाचा वाटा नाही का? पगार पण वाटू द्या, नाहीतर एकट्या कमावत्याच्या घराला सूट वाढवून द्या.

बी-204: हे मात्र मागायला पाहिजे. आमच्या घरात मी एकटाच होतो नोकरीला

सी-302: मागूया काका, निवेदन लिहायला मी तयार आहे, खासदारांना देऊया. पण त्यात गृह आधार बंद करा असं एक वाक्य जरी आलं तर माझी सही मिळणार नाही.

ए-103: नाही टाकत. मसुदा इथेच टाक, रविवारी क्लब हाऊसमध्ये वाचूया