उंची हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये एकटीने जेवायला जाताना

प्रश्न

कामानिमित्त मला पुढच्या महिन्यात तीन रात्री एका उंची हॉटेलात राहायचे आहे. तिथल्या रेस्टॉरंटची ख्याती ऐकून असल्यामुळे, खोलीत जेवण मागवून टीव्हीसमोर उरकण्याऐवजी एका रात्री तरी खाली जाऊन निवांत जेवावे, असे मनात आहे. मागे दुसऱ्या एका हॉटेलात असा प्रयत्न केला, तेव्हा दारातल्या माणसाने माझ्या खांद्यावरून मागे पाहत "एकट्याच का?" असे विचारले आणि स्वयंपाकघराच्या दारालगतचे टेबल दिले. त्यानंतर वेटरने समोरच्या रिकाम्या जागेवरचा ग्लास, काटे आणि सुऱ्या सावकाश उचलून नेल्या. तेवढा वेळ नजर कुठे ठेवावी, हेच मला सुचेना. या वेळी असे होऊ नये म्हणून आधी काय करता येईल?

उत्तर १

टेबल आधी फोन करून राखून ठेवा आणि त्याच वेळी "एकच व्यक्ती, भिंतीकडे पाठ येईल अशी जागा हवी" असे स्पष्ट सांगा. बहुतेक ठिकाणी सर्वांत लहान टेबलसुद्धा दोघांचे असते. तुम्ही एकट्या बसलात की एका खुर्चीचे उत्पन्न बुडते, म्हणून गर्दीच्या वेळी एकट्या माणसाला कोपरा दाखवला जातो. हे योग्य नव्हे, पण रेस्टॉरंट उघडताच गेल्यास हा प्रश्न सहसा येत नाही. जागा आवडली नाही तर बसण्यापूर्वीच दुसरी मागा, कारण एकदा नॅपकिन मांडीवर घेतला की उठून टेबल बदलणे आपल्यालाच अवघड वाटते. शेफने ठरवलेले अनेक पदार्थांचे जेवण घ्यायचे असेल, तर ते एका व्यक्तीला मिळते का, हेही फोनवरच विचारा. काही ठिकाणी त्यासाठी किमान दोघे लागतात.

उत्तर २

वरच्या उत्तरात एक व्यावहारिक अडचण राहिली. जेवणाच्या मध्येच हात धुवायला उठलात, तर टेबलावर "त्या येत आहेत" असे सांगणारे कोणी नसते. मी एकदा परत आलो तो अर्धी भरलेली प्लेट गायब झालेली! उठताना नॅपकिन खुर्चीवर ठेवावा, टेबलावर नाही. काटा आणि सुरी प्लेटमध्ये एकमेकींपासून दूर, तिरपी ठेवावीत. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली, तर जेवण संपले असा त्याचा अर्थ होतो. तरीही वेटरला शब्दाने सांगून जाणे अधिक खात्रीचे.

उत्तर ३

संकोचाबद्दल थोडेसे. पूर्वी युरोपातल्या खानावळींत मालक ठरवेल त्या वेळी, सर्वांसाठी मांडलेल्या एकाच लांब टेबलाशी, पुढ्यात येईल ते खावे लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंटे सुरू झाली, ती स्वतंत्र टेबल, मेन्यू कार्ड आणि आपल्या सोयीची वेळ ही नवलाई घेऊन. आपल्या वेळी, आपल्या पसंतीचे, अनोळखी लोकांपासून वेगळे बसून जेवण्यासाठीच ही जागा निघाली असताना, तिथे एकट्या येणाऱ्याने अवघडून का बसावे?

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आज फोन केला. भिंतीलगतचे टेबल मिळाले आहे आणि शेफचे ठरावीक जेवण एकीलाही देतात, मात्र त्याला दोन तास सहज लागतील, असे त्यांनी बजावले. सोबत पुस्तक न्यावे की नाही, एवढेच आता ठरायचे आहे.