शिव्यांना सरावलेला मतदार

मतदार निर्ढावला म्हणून प्रचारातली चिखलफेक वाया जाते, हे म्हणणे मला अर्धेच पटते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे ‘चौकीदार चोर है’ देशभर दुमदुमले, पण मोदींनी तोच शब्द ‘मैं भी चौकीदार’ म्हणून उलटवला आणि भाजपला ३०३ जागा मिळाल्या. २०२४ च्या लोकसभा प्रचारात पुण्याच्या सभेत त्यांच्याच ‘भटकती आत्मा’ या टीकेचा रोख शरद पवारांकडे होता, तरी पवारांच्या पक्षाने लढवलेल्या १० पैकी ८ जागा जिंकल्या. (कारणे इतरही होती, हे मान्य.) दोन्हीकडे चिखलफेकीतून मतदाराला नवे असे काही कळले नव्हते, म्हणून ती वाया गेली. नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या पोह्यांच्या ठेल्यापुढून प्रचाराचा भोंगा ओरडत जातो, तेव्हा लोक मान वर न करता तर्री वाढून मागतात. नळाच्या पाण्याचा विषय निघाला, की मात्र चमचे थांबतात.